मीटर उलटं चालवणारा हात

लाँड्रीच्या बोळात मुंगीला शिरायला जागा नव्हती. भिंतीवरच्या विजेच्या मीटरसमोर पिवळा कोट घातलेले किरणगुरू उभे होते. काळ्या चष्म्यामागे डोळे मिटलेले असावेत. त्यांनी मीटरवर तळहात टेकवला मात्र, पडद्यावरचा उजवीकडे पळणारा छोटा बाण डावीकडे पळायला लागला. बोळातल्या सगळ्यांचे हात जोडले गेले.

"आता वीज कंपनीच तुमचं देणं लागते," गुरू म्हणाले. "विज्ञान जिथं थकतं ना, तिथं माझा हात पोचतो."

"विज्ञान नाही थकलेलं, मी थकलेय," मागे उभ्या ताई पुटपुटल्या. ताई म्हणजे लाँड्रीवाल्या दादांची धाकटी बहीण, शाळेत पदार्थविज्ञान शिकवणारी.

दादांनी कर्ज काढून छपरावर सौर पॅनेल बसवली होती. खर्चातला मोठा वाटा सरकारी अनुदानातून परत मिळणार होता. त्यासाठी तपासनीस आज दुपारी मीटर बघून जाणार होता. पण मध्येच हे गुरू उपटले. त्यांची सीलबंद 'किरणपेटी' मीटरला जोडली की म्हणे बाण कायमचा उलटा, मग अनुदानासाठी हात कशाला पसरायचा? पेटीची किंमत म्हणजे दादांची होती नव्हती ती शिल्लक. शिवाय मीटरला परकी वस्तू जोडलेली दिसली की अनुदान रद्द, असा नियमच होता. ताई आठवडाभर हे सांगत होत्या, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

"दादा, पैसे देण्याआधी एकदा माझं ऐक."

"डोळ्यांनी बघतेयस ना? अजून काय पुरावा पाहिजे तुला?"

ताईंनी पाहिलं होतं, पण वेगळंच. हात ठेवण्याआधी गुरू पॅनेल असलेल्या प्रत्येक घरात 'उपकरणांचं मौन' पाळायला लावत. इस्त्र्या, धुलाई यंत्रं, पाण्याचे हीटर, सगळं बंद. आणि त्या मौनावर लक्ष ठेवायला त्यांचा चेला आत बटणांपाशी उभा. शिवाय दर्शनाची वेळ भर दुपारची, तीही आभाळ स्वच्छ असेल तरच. ढग आले की गुरूंचा उपवास.

ताई तडक दुकानात शिरल्या. चेला आडवा आला. "बाई, आत मौन चाललंय."

"माझ्या भावाच्या दुकानात मला अडवतोस? हो बाजूला."

त्यांनी तिन्ही इस्त्र्या आणि हीटर एकदम चालू केले. बाहेर 'अरे, अरे' झालं. गुरूंचा हात जागच्या जागी आणि बाण मात्र पुन्हा उजवीकडे. गुरूंनी हात आणखी दाबला.

"कुणाच्या तरी मनात शंका आली," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"शंका माझ्या मनात आठवडाभर आहे," ताई आतूनच म्हणाल्या. "बाण मात्र आजच उजवीकडे वळला. गुरुजी, हात काढा आणि रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहा."

लोकांनीच त्यांना मागे सारलं. ताईंनी बटणं बंद केली आणि बाण डावीकडे पळाला. मीटरला कुणाचा स्पर्शही नव्हता.

"भर उन्हात पॅनेल वीज तयार करतात," बाहेर येऊन ताईंनी सांगितलं. "दुकान ती खातं. खाणारं काही चालू नसलं की उरलेली वीज तारेतून कंपनीकडे जाते आणि बाण उलटा फिरतो. पॅनेल बसवलेल्या प्रत्येक घरात हे होतं. तुम्ही तुमच्या घरी जाऊन बघा."

समोरचा किराणावाला पुढे आला आणि ताईंच्या पायाशी वाकला. "शक्ती आता ताईंच्या हातात आली."

ताईंना कपाळ भिंतीवर आपटावंसं वाटलं. "उठा हो. शक्ती बटणात आहे. या आत, तुम्ही दाबा."

त्याने भीतभीत बटण दाबलं. बाण वळला. पुन्हा दाबलं, पुन्हा वळला. मग रांगच लागली, बटण दाबायला. तोवर चेल्यासकट गुरूंनी पोबारा केला होता.

वहिनींनी सुस्कारा सोडला. "वन्सं, पैसे वाचले हो. आता तपासनीस येईल तेव्हा..."

"तो येणार नाही," दादा खाली बघत म्हणाले. "सकाळीच फोन करून मी नको म्हणालो. पेटी लावायची होती ना. आपली पाळी दुसऱ्याला दिली त्यांनी. आणि योजना आजच बंद होतेय."

वहिनी मटकन स्टुलावर बसल्या. अख्खं कर्ज आता इस्त्र्या फिरवूनच फेडायचं होतं.

"तू आधीच का नाही बोललीस गं?" दादांनी विचारलं.

ताईंचे डोळे रागाने भरून आले. त्या एवढंच म्हणाल्या, "बोलत होते रे. तुझे हात जोडलेले होते, एक जरी मोकळा असता तर तूच बटण दाबून बघितलं असतंस."