लॅन्सडेलचं टपाल

"काचेला हात लावू नका, बाई. डाग पडतात."

शालननं हात मागे घेतला. बोलणारे गृहस्थ तिच्या मागेच उभे होते, छातीवर प्रदर्शनाच्या संयोजकांचा बिल्ला. केस पार पांढरे झाले होते, पण आवाज तोच. पाटणकर. तिनं त्यांना ओळखलं. त्यांनी तिला नाही.

काचेआड एक मळकट पाकीट होतं. त्यावर तिकीट नव्हतं. लढाईवर गेलेल्या माणसाला तिकिटाची गरज नसे. कोपऱ्यात जांभळा तिकोनी शिक्का, शिक्क्यात एक आकडा. मधोमध कुणातरी लिहिता येणाऱ्या सोबत्यानं घालून दिलेला पत्ता : आनंदीबाई गेनबा साळवे, मौजे मांजरी, जिल्हा पुणे.

आनंदीबाई शालनची आजी. आजोबा गेनबा दुसऱ्या महायुद्धात फौजेच्या हमाली तुकडीत भरती झाले आणि मुंबईहून बोटीत चढले, तेव्हा शालनचे वडील भीमराव आजीच्या पोटात होते. बोटीवरून एक पत्र आलं. पुन्हा काही आलं नाही. बोट बुडाली, असं आजीनं पोराला सांगितलं, गावाला सांगितलं आणि कपाळ पुसून दुसऱ्याच्या उसात खुरपायला गेली. पत्र हाताळून हाताळून फाटलं. पाकीट उरलं.

अठरा वर्षांपूर्वी हे पाटणकर कुणाकडून तरी ऐकून मांजरीला आले होते. बँकेतले निवृत्त अधिकारी, जुन्या टपालाचा नाद. "बोटीचं नाव लिहायला तेव्हा बंदी होती," ते म्हणाले होते. "पण शिक्क्यावरून शोधता येतं. पाकीट द्या माझ्याकडे. नाव सापडलं की कळवतो." भीमरावांनी दोन्ही हातांनी पाकीट दिलं होतं. पुढं फोन उचलला जाईना, मग नंबरच बदलला. भीमराव मात्र अधूनमधून विचारत राहिले, "त्या साह्यबानी काय कळवलं का गं?"

शालन महापालिकेच्या दवाखान्यात नर्स. काल पेपरात जुन्या टपालाच्या प्रदर्शनाची बातमी आणि तिच्याखाली आजीच्या नावाच्या पाकिटाचा फोटो पाहून तिनं आज अर्धी रजा टाकली होती. चौकटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'लॅन्सडेल : एका सैन्यवाहू जहाजाचं टपाल'. वर बक्षिसाची सोनेरी फीत. पाकिटाखाली शिक्क्याची सविस्तर माहिती, आणि शेवटी : 'पुण्याजवळच्या एका खेड्यातील स्त्रीस आलेले पाकीट. अशी फक्त दोन ज्ञात.'

"ही स्त्री माझी आजी," शालन म्हणाली. "पाकीट तुम्ही आमच्या घरून नेलंत."

पाटणकरांनी चष्मा सावरला. "मांजरी! आठवलं. चहा फार गोड होता तुमच्याकडे." ते हसले. "वडील आहेत अजून?"

"आहेत. वाट बघतायत. नाव कळवतो म्हणाला होतात."

"राहून गेलं, खरंय. अहो, एका शिक्क्यामागे सात वर्षं घालवलीत मी. तेवढ्यात कुणाकुणाला कळवत बसणार?"

"मग बोट बुडाली कुठं, तेही सापडलं असेल."

"बुडाली? छे! लॅन्सडेल कधीच बुडालं नाही. युद्ध संपेपर्यंत माणसं नेत-आणत होतं. पुढं सत्तावन्न साली भंगारात निघालं. तिकडं लिहिलंय बघा."

शालननं तिकडं पाहिलं नाही. "मग माझे आजोबा कुठं उतरले?"

"ते मला कसं माहीत असणार? माझा अभ्यास टपालाचा आहे. माणसांचा नाही."

"निदान खाली नावं तरी लिहा. गेनबाचं, आनंदीबाईचं."

"परीक्षण झालंय, आता चौकटीत ढवळाढवळ करता येत नाही. आणि नाव पाकिटावर आहेच की. वाचता येणारा वाचेल." मग थोडं मऊ होऊन ते म्हणाले, "रंगीत प्रत पाठवू का घरी?"

"पाकीटच पाठवा."

"ते तुमच्या वडिलांनी मला दिलं होतं, बाई. आपखुशीनं."

मागं शाळेची रांग आली होती. पाटणकर मुलांकडे वळले आणि शिक्क्याची हकिगत सांगू लागले.

मांजरीपर्यंतच्या बसमध्ये शालन ठरवत होती की बोटीचं नाव सांगायचं आणि थांबायचं. दवाखान्यात तिनं किती नातेवाइकांना किती बातम्या सांगितल्या होत्या. काय सांगावं, काय गिळावं, हे तिला कळत होतं. पण भीमराव खाटेवर उठून बसले, त्यांनी नाव दोनदा म्हणून पाहिलं, "लानसडेल, लानसडेल," आणि विचारलं, "कुठं बुडाली म्हनं?" तेव्हा तिच्याच्यानं खोटं बोलवेना.

"बुडाली नाही, आबा. लढाईनंतरही चालू होती."

भीमरावांनी दाराबाहेर पाहिलं. समोरच्या नव्या इमारतीवर कसलंतरी यंत्र घरघरत होतं.

"म्हंजी उतरला त्यो," शेवटी ते म्हणाले. "उतरला आन् आला न्हाई."

"तसंच काही नाही. आजारी पडले असतील. कुठंतरी दवाखान्यात..."

"दवाखान्यातनं कागूद येतो की. तूच लिवतीस नव्हं?" त्यांनी हातानंच तिला थांबवलं. "आईला ठावं असंल का गं?"

शालनला पाटणकरांचा राग आला होता तो आता कुठं न्यावा ते कळेना. त्यांनी कळवलं नाही, हा अन्याय होता. आणि कळवलं असतं तर आबांची ही अठरा वर्षं याच प्रश्नात गेली असती, हेही तिला आताच दिसत होतं.

"मला भाईर बसीव," भीमराव म्हणाले.

तिनं त्यांना धरून ओट्यावर आणलं, पाठीला उशी दिली आणि मेथीची जुडी घेऊन शेजारी बसली. शेजारच्या मालनबाई पाण्याची कळशी घेऊन थांबल्या. "शालन आज लवकर? कुटं गेलतीस गं?"

शालननं मान वर केली, पण भीमराव आधी बोलले. आवाज चांगला खणखणीत काढला त्यांनी.

"माज्या बापाच्या बोटीचं नाव आनाया गेलती. पुन्यात फोटू लावलाय. लानसडेल नाव. लई मोठी बोट हुती."

"अगं बया! तीच का बुडाली ती?"

"तीच," भीमराव म्हणाले. "समद्यास्नी घिऊन गेली. येकबी मानूस वाचला न्हाई."

मालनबाई चुकचुकल्या आणि पुढं गेल्या. शालननं खाली मान घातली आणि मेथीची पानं खुडत राहिली. भीमराव ताठ बसून रस्त्याकडे बघत होते. त्यांचा हात मात्र चाचपडत तिच्या गुडघ्यावर आला आणि तिथंच राहिला.