रविवारी सुट्टी घेणारी नदी

सव्वासहाला पाच मिनिटं कमी होती आणि नदीच्या दोन्ही काठांवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. नदी म्हणायचं ते आपलं जुन्या ओळखीखातर. आतापर्यंत त्या पात्रात वाळू होती, दगड होते आणि फुटक्या चपला होत्या. पाणी तेवढं नव्हतं.

पात्रात मांडलेल्या उंच खुर्चीवरून जलबाबा उठले. डोंगराकडे बोट रोखून गरजले, "हो बाजूला! तुझ्या पलीकडचं पाणी मला इकडे हवंय!"

डोंगर काही हलला नाही. बाबांनी खाली उतरून काठी वाळूत खुपसली, डोळे मिटले, ओठ हलवले. आणि काय आश्चर्य! वरच्या वळणावरून खळखळाट ऐकू आला. पाणी आलं, गुडघाभर झालं. लोकांनी हात जोडले. कोणी रडलं, कोणी पाणी बाटलीत भरलं.

पुढच्या रांगेत शंकासूरची आजी होती. शंकासूर म्हणजे तिची नववीतली नात. प्रत्येक गोष्टीला "पण का?" विचारते म्हणून आजीनेच हे नाव ठेवलं होतं आणि आता शाळेतले मास्तरही हजेरीत चुकून तेच घेत.

बाबांनी माईक हातात घेतला. "येत्या सोमवारी जे वृद्ध पात्रात बसून पहिली लाट अंगावर घेतील, त्यांचे गुडघे सोळा वर्षांच्या पोरीसारखे होतील!"

आजीने स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं. शंकासूरने आजीकडे पाहिलं.

घरी जेवताना तिने विषय काढला. तिची आई वीजघरात ऑपरेटर होती. डोंगरापलीकडे भरपूर पावसाची नदी होती, तिला बांध घातला होता. तिथून डोंगराच्या पोटातून अकरा किलोमीटरचा बोगदा इकडे येत होता. पाणी बोगद्यातून यायचं, मोठ्या पाइपांतून धाडकन खाली पडायचं, टर्बाइन फिरवायचं आणि शेतांकडे जायचं. पूर्वी ते कालव्याने जाई. दोन महिन्यांपासून कालव्याची दुरुस्ती चालू होती, म्हणून ते या कोरड्या पात्रात सोडत होते.

"आई," शंकासूरची आई सासूबाईंना म्हणाली, "ते पाणी मीच सोडते हो. सहा-पाचला टर्बाइनचा सेट चालू करते, सव्वासहाला तुमच्यापर्यंत पोचतं."

आजी हसली. "अगं, तुझ्या वीजघराचं पाणी मेलेलं. वीज काढून घेतल्यावर त्यात राहतं काय? चोथा! हे बघ कसं उड्या मारत येतं."

ही समजूत एकट्या आजीची नव्हती, अख्ख्या गावाची होती. वीज काढलेलं पाणी म्हणजे रस काढलेला ऊस. कालव्याच्या पाण्यावर पिकलेलं धान्य खाऊन धडधाकट झालेली माणसंसुद्धा हेच सांगत. बाबांनी ते बरोबर हेरलं होतं. रोज विचारायचे, "हे पाणी मेलेलं दिसतं का?" लोक ओरडायचे, "नाही!" झालं, पाणी वीजघरातलं नाही हे सिद्ध!

"आजी, वीज पाण्यातून काढत नाहीत, त्याच्या पडण्यातून काढतात," शंकासूर म्हणाली. "मी घसरगुंडीवरून खाली आले तर माझा चोथा होतो का?"

"तुझ्या डोक्याचा झालाय तो आधीच. भात घे."

"बरं, मग बाबा रविवारी चमत्कार का करत नाहीत?"

"नदीचं मौन असतं रविवारी."

"रविवारी कारखाने बंद असतात, आजी! वीज कमी लागते, म्हणून आई सेट चालू करत नाही. देवाच्या नदीला साप्ताहिक सुट्टी कोणी दिली?"

तिने वहीच नाचवली. पाणी येण्याच्या तीन आठवड्यांच्या वेळा मागच्या पानांवर होत्या. एका गुरुवारी बाबा काठी खुपसून पंचवीस मिनिटं वैराग्यावर बोलत राहिले होते. त्याच दिवशी आई घरी येऊन म्हणाली होती, "आज वरून फोन उशिरा आला, सेट उशिरा सुरू केला." आणि रोजची वेळ बाबांना कळायची कशी? वीजघराच्या कँटीनमध्ये ती फळ्यावर लिहिलेली असे आणि कँटीनचा ठेकेदार बाबांचा पट्टशिष्य होता.

आजीने वही बाजूला सारली. "गुडघे माझे आहेत. सोमवारी मी बसणार."

आईच्या हातातला घास तसाच राहिला. "आई, सोमवारपासून दुसरा सेटही चालू होतोय. पाणी गुडघाभर नाही येणार, उभ्या माणसाच्या छातीपर्यंत येईल. तुम्ही तर बसलेल्या असणार!"

"मग पुण्य जास्त."

खरं तर काठावर भोंगा होता. पाणी सोडण्याआधी दहा मिनिटं तो वाजवायचा नियमच होता. पण भोंगा नवा असताना चारच दिवस वाजला. पाचव्या दिवशी बाबा अवतरले. "या आवाजाने नदी बिचकते," म्हणाले. शंभरेक भक्त वीजघरावर चालून गेले, घाबरून साहेबांनी भोंगा बंद केला. 'पाणी अचानक सोडले जाईल' या पाटीवर आता बाबांचा हसरा फोटो होता. आई रोज बटण दाबताना मनातल्या मनात काठावरची डोकी मोजायची.

सोमवारी निघताना तिने लेकीचे खांदे धरले. "भोंगा वाजल्याशिवाय मी बटण दाबणार नाही. शब्द देते. तू आजीजवळ थांब. वाजला की आधी तिला उठव."

पात्रात चाळीसेक म्हातारीकोतारी बसली होती. आजी मधोमध. ओढूनही उठेना, तेव्हा शंकासूर आईच्या शब्दावर भरवसा ठेवून तिच्या शेजारी वाळूत बसली.

सव्वासहा. "हो बाजूला!" काठी खुपसली.

काही नाही.

बाबांनी काठी दुसरीकडे खुपसली. मग तिसरीकडे. सहा-वीसला पात्राला चाळणीची कळा आली. "इथे कोणीतरी शंका घेतंय!" बाबा कडाडले.

"मी!" शंकासूरने हात वर केला. "रोजच घेते. मग रोज कसं येत होतं?"

कोणीतरी फिस्सकन हसलं.

तिकडे वीजघरात आई साहेबांसमोर उभी होती. "भोंग्याशिवाय सेट चालू करायचा असेल तर लेखी द्या, साहेब." आता साहेब भक्तांना घाबरत हे खरं, पण स्वतःच्या सहीला त्याहून जास्त घाबरत. पेन उघडलं, बंद केलं आणि म्हणाले, "वाजवा."

भोंगा असा बोंबलला की झाडांवरचे पक्षी उडाले. "उठा! वीस मिनिटांत पाणी!" शंकासूर ओरडली आणि आजीच्या काखेत हात घातला. माणसं गोंधळून बाबांकडे पाहू लागली.

बाबा होते कुठे? काठी वाळूत, चपला खुर्चीखाली आणि बाबा काठावर! चाळीस म्हातारे पात्रात सोडून, धोतर सावरत, सोळा वर्षांच्या पोरीसारख्या गुडघ्यांनी ते सगळ्यांच्या आधी वर चढले होते.

"नदी तुमचं ऐकते ना, बाबा?" आजी खालूनच ओरडली. "मग पळताय कशाला?"

तरणी माणसं खाली धावली, एकेकाला हात देऊन वर घेतलं. पाणी आलं ते फेसाळत, छातीइतकं. बाबांची उंच खुर्ची एकदा गिरकी घेऊन दिसेनाशी झाली. आजी तिच्या मागे बघत राहिली आणि नातीचा हात तिने घट्ट धरला.

काठावरचा माईक चालूच होता. शंकासूरने तो उचलला. बोगदा, पाइप, फळा, रविवार, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "डोंगर माणसांनी फोडला, कित्येक वर्षं खपून. पाणी त्यांनी आणलं. त्यापुढे काठी खुपसणं सोपं असतं हो! यापुढे चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी घड्याळ बघा. आणि जो तुमचा भोंगा बंद करायला सांगतो, त्याला आधी पात्रात बसवा."

दुसऱ्या दिवशी पाटीवरचा फोटो आजीने स्वतः नखांनी खरवडला. आई कामावरून आली तशी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"इतके दिवस मी तुलाच नमस्कार करत होते म्हणायचं," आजी म्हणाली.

आई लाजली. "आई, काहीतरीच काय!"

"लाजू नकोस. आज तीन मिनिटं उशीर केलास. मी घड्याळ लावून बसले होते."