विसीच्या घरी रात्रीचं जेवण साडेनऊला

विसीच्या जिवाला एकच घोर लागला होता: बाबा जेवत नव्हते. आई गेल्यापासून बाबांचं, म्हणजे एलादिओंचं, वजन घसरतच चाललं होतं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगून टाकलं होतं, येत्या शुक्रवारी वजन आणखी उतरलेलं दिसलं तर इस्पितळात ठेवायचं आणि नाकातून नळी घालायची. स्पेनमधल्या त्यांच्या थामोरा गावाच्या त्याच इस्पितळात आई स्वतःच्या पायांनी चालत गेली होती, ती परत आलीच नाही. त्यामुळे शुक्रवार किती दिवसांवर आला ते विसी रोज मोजायची.

तिला वाटायचं, बाबांना ती आईची रिकामी खुर्ची खुपते. या घरात सगळे बसल्याशिवाय कुणी चमचा उचलायचा नाही, हा बाबांचाच नियम. मग बसवू या कुणालातरी खुर्चीवर! तिने परदेशी मुलांना स्पॅनिश शिकवणाऱ्या शाळेत नाव दिलं आणि शाळेने फिनलंडची आइनो तिच्याकडे राहायला पाठवली. जेमतेम विशीची, पांढुरक्या भुवयांची, अगदी मोजकं बोलणारी पोरगी.

आणि ही बया कसली निघावी! तिच्या देशात म्हणे रात्रीचं जेवण पाचला उरकतात. अहो, पाचला! त्या वेळी थामोरातली माणसं दुपारच्या डुलकीतून उठून कॉफी शोधत असतात. दुपारी तीनच्या जेवणापर्यंत भुकेने हिचे हात थरथरायचे, आणि रात्री साडेनऊला लसूण-पावाचं गरमागरम सूप वर अंडं फोडून पुढ्यात ठेवलं की ही बसल्या जागी पेंगायची. दोन घास खाऊन "खूप छान, पोट भरलं" म्हणत ताटली सरकवायची. ते बघून बाबाही चमचा खाली ठेवायचे. विसीला दोघांनाही धरून हलवावंसं वाटायचं.

"घ्या ना बाबा, अजून थोडं."

"झालं माझं."

"कुठं झालं? मी बघतेय ना मघापासून. दोनदा चमचा तोंडात गेलाय."

"बघ मग. बघत बस," बाबा म्हणायचे आणि खोलीत निघून जायचे.

एकदा आइनोने धीर करून विचारलं, "विसी, मी सहाला खाऊ? थोडं. एकटी. मी भांडी धुते."

विसीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "या घरात कुणी एकटं जेवत नाही, पोरी. ही काय खानावळ आहे?"

पोरगी कानापर्यंत लाल झाली. दुसऱ्या दिवसापासून तिच्या चादरीवर पावाचा चुरा दिसायला लागला. म्हणजे खोलीत चोरून खाते आणि टेबलावर येऊन पेंगते! विसीने मनाशी ठरवून टाकलं, शुक्रवार पार पडू दे, मग शाळेला सांगायचं, हिला घेऊन जा आणि एखादी इटलीची द्या, निदान रात्री जागी तरी राहील.

गुरुवारी संध्याकाळी ती मासळी आणायला निघाली. दुकानात पोचल्यावर कळलं, पाकीट घरीच राहिलं. हल्ली डोकं ठिकाणावर कुठं होतं तिचं! चरफडत ती परतली. दार उघडलं, तर स्वयंपाकघरात खुडबुड.

टेबलाशी आइनो बसली होती, पुस्तकात डोकं खुपसून. रात्रीसाठी झाकून ठेवलेलं बटाट्याचं ऑम्लेट अर्धं गायब होतं. आणि समोर बाबा! पाव तेलात बुडवत होते, चावत होते, गिळत होते. पोरगी त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती.

"कांदा जास्त झालाय," बाबा म्हणाले.

"हो," आइनो म्हणाली आणि तिने पान उलटलं. बाबांनी आणखी एक फोड घेतली.

विसी दारात श्वास रोखून उभी होती. शेवटी राहवेना. "बाबा!"

आइनो दचकून उठली. "विसी, माफ करा..."

"तिला काही बोलू नकोस," बाबा भरल्या तोंडाने म्हणाले. "पोर खोलीत कोरडा पाव चावत होती, लपून. तुझ्या आईच्या घरात! सोमवारी तू बाजारात गेल्यावर मीच हाताला धरून आणली इथं. म्हटलं, एकटी नको जेवायला."

"आणि माझ्यासमोर घास उतरत नाही तुम्हाला? मी काय विष कालवते?"

बाबांनी पाव खाली ठेवला. आता उठून जाणार, विसीला वाटलं. पण त्यांनी फक्त तोंड पुसलं.

"तू जेवतेस कुठं, विसी? आई गेल्यापासून तुझी ताटली भरलेलीच परत जाते. नुसती माझ्या चमच्यावर डोळे लावून बसतेस, जसा काही मी आजच मरतोय. असं कुणी बघत असलं की गिळवत नाही गं."

विसीने फटकन उत्तर द्यायला तोंड उघडलं. मी जेवते, काल तर मी... काल काय खाल्लं होतं? परवा? तिला खरोखर काही आठवेना.

आइनोने गुपचूप तिसरी ताटली मांडली.

"सहाला जेवण," विसी पुटपुटली. "शेजारी हसतील." पण बसली. ऑम्लेटचा तुकडा तोडला आणि तोंडात घातला, आणि डोळे भरून आले. किती भूक लागली होती तिला!

समोर पावाचा कडक पापुद्रा मोडल्याचा आवाज आला. बाबा पुन्हा खायला लागले होते की नुसताच पाव कुस्करत होते? उद्या शुक्रवार होता. विसीला वर बघायचं होतं, फार बघायचं होतं. तिने मान खाली घातली आणि आपला घास चावत राहिली.