दहा पॉइंट नऊ

कल्पिता म्हात्रेचा बी.एड.चा हा अंतिम पाठ होता आणि परीक्षक मी. मागच्या खेपेला तिचा पाठ वेळेत संपला नव्हता, म्हणून ती नापास झाली होती. आज पुन्हा तसं झालं, तर वर्ष फुकट जाणार होतं. ठाकुर्लीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयाची प्रयोगशाळा, अकरावीची मुलं आणि पस्तीस मिनिटं. ब्युरेटच्या नळीतलं द्रावण खालच्या काचपात्रातल्या आम्लात सोडायचं आणि रंग फिकट गुलाबी होताच थांबायचं. सगळं कौशल्य त्या थांबण्यात.

प्रयोगशाळा सांभाळणारा प्रफुल्ल तिच्या कानाशी, पण मला ऐकू येईल असं म्हणाला, "मॅडम, रीडिंग दहा पॉइंट दोन येतं. दर वर्षी तेच. लिहून टाका आणि सुटा."

"करून बघू की, दादा."

मुलांशी ती छान बोलत होती. त्या बोलण्याच्या नादात तोटी जरा जास्त वेळ उघडी राहिली. पात्रात एकदम गडद गुलाबी. रीडिंग आलं दहा पॉइंट नऊ.

"मॅडम, माझ्या ताईच्या जर्नलमध्ये दहा पॉइंट दोन आहे," मयूर मागच्या बाकावरून म्हणाला. "तेच लिहू ना?"

वर्ग हसला. कल्पितानं घड्याळ पाहिलं. मीही पाहिलं. बारा मिनिटं उरली होती आणि पाठ टाचणातले मूल्यमापनाचे पाच प्रश्न अजून विचारायचे होते.

तिनं खडू घेतला आणि फळ्यावर ठळक लिहिलं, १०.९.

"हे माझं. मी पुढे गेले. का गेले, ते तुम्हीच जर्नलमध्ये लिहा. मयूर, आता तू ये."

"मी? माझं तर बारा येईल, मॅडम."

"येऊ दे. बाराच लिहू."

मयूर श्वास रोखून एकेक थेंब सोडत होता. ती शेजारी हात मागे बांधून उभी राहिली, एकदाही तोटीला हात लावला नाही. दहा पॉइंट तीनला फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला. तेवढ्यात घंटा झाली.

"सर, प्रश्न राहिले," ती म्हणाली. चेहरा उतरला होता.

मी बाकांमधून फिरलो. ऋतिका नावाच्या मुलीनं लिहिलं होतं : 'मॅडम बोलत होत्या, लक्ष गेलं. रंग रेंगाळायला लागला की तोटी आवळायची.' टाचणातले पाचही प्रश्न ज्या उत्तराकडे नेणार होते, ते हेच होतं. इतरांनीही आपापल्या शब्दांत तेच लिहिलं होतं.

वेळेच्या रकान्यात मी शून्य दिलं, ते द्यायलाच हवं होतं. मूल्यमापनाला दहापैकी दहा. बेरीज उत्तीर्णतेच्या गुणांपुढे गेली.

"पास आहेस," मी म्हणालो. "पुढे मात्र घड्याळ समोर ठेवून शिकव. बाकी तुला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही."

प्रफुल्ल डस्टर घेऊन फळ्यापाशी आला. "बावीस वर्षांत इथे चुकीचं रीडिंग कुणी लिहिलं नव्हतं," तो पुटपुटला, आणि ते १०.९ तेवढं सोडून बाकीचा फळा पुसला.