चढावर दम सोडणारी गाडी

तापमानाचा काटा मधल्या रेघेच्या किंचित खाली होता आणि तिथेच स्थिर होता. मागच्या सीटवरून मी तो बघत होते. तरीही मदनमहालच्या चढावर गाडीने दम सोडला. मागचे ऑटोवाले हॉर्न वाजवू लागले. ऐंशी ओलांडलेल्या माझ्या सासऱ्यांनी, अच्युतरावांनी, गाडी कडेला घेतली. गरम झाली आहे, जरा थांबलो की ठीक होईल, असं ते म्हणाले. तसं झालंही.

महिनाभर हेच चाललं होतं. निघताना गाडी टवटवीत, थोडं अंतर गेलं की मरगळ. घमापूरच्या मिस्त्रीने कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलले, आणि ‘पुरानी है, गरम होते ही दम तोड़ देती है’ म्हणून हात टेकले.

माझ्या नवऱ्याला, चंद्रशेखरला, हे निदान सोयीचं वाटलं. दिवाळीत बाबांनी फाटकाचा खांब घासला होता, नंतर एकदा त्यांना लाल सिग्नलच दिसला नाही. त्यांनी आता गाडी चालवू नये असं घरात सगळ्यांनाच वाटत होतं, पण त्यांना ते सांगायला कोणी धजत नव्हतं. गाडीच भंगारात दिली, की सांगायची गरज उरणार नव्हती.

“इंजिनाच्या माथी काहून मारून राहिला, दादा?” माझी नणंद विनता म्हणाली. “दोष गाडीचा असेल तर गाडीचा म्हणू. बाबांचा असेल तर बाबांच्या तोंडावर म्हणू.”

मग तूच म्हण, असं चंद्रशेखर म्हणाला. त्यावर तिने, रविवारी येऊन गाडी बघते, एवढंच सांगितलं.

विनता इंजिनिअर आहे. फौजी ट्रक बनवणाऱ्या ज्या फॅक्टरीतून बाबा निवृत्त झाले, तिथेच ती तपासणी विभागात आहे. रविवारी ती आली आणि तिने आधी ‘गरम’ हा शब्दच तपासायला घेतला. भर दुपारी, उन्हात, बॉनेट बंद ठेवून तिने इंजिन नुसतं चालू ठेवलं. पंखा सुरू झाला, बंद झाला, पुन्हा सुरू झाला. मग तिने ऍक्सिलरेटर दाबला. इंजिनाने लगेच उचल घेतली.

“गरम तर झाली ना? मग दम काहून नाही सोडला?” ती मला म्हणाली. “वहिनी, उभ्या गाडीला पेट्रोल थोडंसंच लागतं. चालताना जास्त लागतं. मला आता पेट्रोलचा रस्ता बघायचाय.”

प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी शाळेत मुलांना नेहमी शिकवते. पण सगळ्यांच्या तोंडी असलेलं कारण इतक्या सहज बाजूला ठेवणं मला सुचलं नसतं.

आम्ही चौघं निघालो. रस्ता तोच हवा आणि चालवणाराही तोच हवा, म्हणून तिने बाबांनाच चालवायला सांगितलं. चढावर गाडी पुन्हा मेली. विनता लगेच उतरली आणि तिने फक्त पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं. टाकीने सूं करून हवा आत ओढली. झाकण लावून तिने गाडी सुरू करायला सांगितली, आणि गाडी तो चढ सहज चढून गेली. माझं एवढ्यावर समाधान झालं होतं, तिचं नव्हतं. झाकण घट्ट ठेवून तिने आणखी एक फेरी मारायला लावली. गाडी पुन्हा अडली, झाकण उघडताच पुन्हा चालली.

मग तिने झाकण उलटं केलं. आत सायकलच्या ट्यूबमधून कापलेली काळी रबराची चकती होती. झाकणातल्या ज्या बारीक भोकातून टाकीत हवा जाते, ते तिच्याखाली बुजलं होतं. पेट्रोल जात होतं, पण त्याच्या जागी हवा येत नव्हती. टाकीत पोकळी वाढली की पंपाला पेट्रोल ओढता यायचं नाही. थांबल्यावर कुठून तरी थोडी हवा शिरायची, म्हणून आम्हाला वाटायचं की इंजिन निवलं.

इतकी बिनचूक गोल चकती आमच्या घरात एकच माणूस कापू शकतो. गाडी धुताना टाकीत पाणी जातं, असा बाबांना संशय होता.

बाबांच्या तोंडावर बोलायची संधी होती, पण विनताने ती घेतली नाही. चकती तळहातावर ठेवून तिने हात बाबांसमोर धरला. बाबांनी आयुष्यभर फॅक्टरीच्या हौदातल्या छातीभर पाण्यातून ट्रक चालवून तपासले होते. त्यांनी चकती उचलली आणि तिच्या कडेवरून बोट फिरवलं.

“पाण्यात उतरवताना सगळं बंद करायचं, पण टाकीच्या हवेची नळी वर काढायची,” ते हळू म्हणाले. “कामावर आलेल्या नव्या पोरांना हे पहिल्या दिवशी सांगत होतो मी.” मग विनताकडे बघून म्हणाले, “तुला घरीच कळलं असेल.”

“अर्धं कळलं होतं. उरलेलं तुमच्यासमोर बघायचं होतं.”

“रबर मात्र फर्स्ट क्लास कापलंय.”

“ते तर आहेच,” ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, “बाबा, आता गाडीत काही दोष नाही.”

चंद्रशेखर खिडकीबाहेर बघू लागला. इतके दिवस जपलेली सबब तिने एका वाक्यात काढून घेतली होती. बाबांना ती सबब ठाऊक असावी. ते सावकाश खाली उतरले, दाराला धरून ताठ उभे राहिले, आणि त्यांनी आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं.

“गाडीत नाही,” ते म्हणाले. “म्हणूनच सांगतो. आजपासून मी गाडी चालवणार नाही.”