माझ्यावर नाव कुणाचं घातलं?

मी लायटर बोलतोय. विलायती नव्हे हो, अस्सल अलिबागचा! हे आधीच सांगतो, कारण याच गोष्टीपायी मी आगीत गेलो.

जर्मन लढाईहून परतलेल्या एका शिपायानं आपला बिघडलेला लायटर काळूराम तांबटाला दुरुस्तीला दिला. त्यानं तो उघडून पाहिला आणि तसेच स्वतः घडवायला लागला. तो पितळ ठोकी, बायको जनी वात ओवी. दोघांचा कारखानाच म्हणा ना!

लग्नातल्या भांड्यांवर टिंबं ठोकून नावं घालायची ती काळूरामनंच. भांड्यावर ज्याचं नाव, त्याच्याशी मग कुणी वाद घालत नसे. माझ्यावर तो स्वतःचं नाव घालणार होता. पण मुंबईचा व्यापारी म्हणाला, "तांबटाचं नाव बघून कोण घेईल? कोरेच दे." काळूरामला राहवेना. त्यानं माझ्या बुडाच्या आतून नाव घातलं आणि वरून कथलाचा डाक लावून बूड बंद केलं.

त्या लबाड व्यापाऱ्यानं काय करावं? माझ्या पोटावर 'मेड इन इंग्लंड' छापलं आणि मला अलिबागच्याच बाजारात आणून विकलं!

मला घेतलं हिरामणनं, गावातल्या तरुण पुढाऱ्यानं. १९३० साली किनाऱ्यावर विलायती मालाची होळी रचली. वाऱ्यात काडी टिकेना, तेव्हा त्यानं मलाच काढलं आणि होळी पेटवली. मग छापाकडे लक्ष गेलं. "अरे, हाही विलायतीच!" म्हणत मला आगीत भिरकावलं. काम झालं, आता जळ! आहे की नाही कमाल?

काळूराम धावला. "अरं, ह्यो माझा हाय! मी घडवलाय!"

"नाव वाच त्याच्यावरचं," हिरामण म्हणाला. "साहेबाचा माल खपवतोस व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून दुकानाकडे कुणी फिरकेना. लग्नाची भांडी दुसऱ्या तांबटाकडे जाऊ लागली. जन्मभर गावाची नावं घालणाऱ्या माणसाला गावानं असं वागवावं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली!

जनीनं राख उकरून मला शोधलं. डाक वितळून माझं बूड सुटलं होतं. ते बघताच ती तडक बाजारात गेली आणि चारचौघांत हिरामणपुढे मला धरलं.

"नाव वाचून न्याय करता ना? मग ह्ये बी वाचा. मोठ्यानं वाचा!"

"काळूराम तांबट, अलिबाग," त्यानं वाचलं. मग मान खाली घालून म्हणाला, "चुकलं, काकी."

चुकलं म्हटलं की झालं? गिऱ्हाईक परतलं, पण माझं चाक आगीत जाम झालं ते झालंच. मी आता पेटत नाही, दुकानातल्या फळीवर नुसता धुमसत बसतो.

माझी भावंडं अजून विलायती म्हणून तुमच्या खिशांत मिरवताहेत. असतील तर काळूरामकडे आणा. तो नाव घालून देईल. या वेळी बाहेरून.