रकाना नसलेला दोष

मित्रांनो, मी एक रायफल आहे. वय अवघे नऊ वर्षे, पण शस्त्रागारात आतापासूनच मला जुनी म्हणतात. दिसायला मी अजून देखणी आहे. पण दिसते तसे नसते, म्हणून तर जग फसते.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. मला हलकी आणि सडपातळ करायची सगळ्यांना घाई होती. त्या घाईत नळीत काडतूस बसायची जागा केसभर तंग राहिली. मी थंड असताना काही कळत नाही. पंधरा-वीस गोळ्या झाडून तापले, की रिकामे काडतूस आतच घट्ट रुतते आणि पुढची गोळी सुटत नाही. मला पास करणाऱ्यांनी सकाळच्या गारव्यात दहाच गोळ्या झाडून पाहिल्या आणि टाळ्या वाजवल्या. खोटे कशाला बोलू, तेव्हा मीही फुगले होते.

मी ज्या जवानाच्या हाती आले त्याला सगळे मास्तर म्हणत, कारण सोबत्यांचे अर्ज तोच लिहून द्यायचा. त्याने मला तळहाताच्या फोडासारखे जपले. तरी सरावात मी अडकलेच. तो मला शस्त्रागारातल्या मिस्त्रीकाकांकडे घेऊन गेला. काकांनी मला उघडले आणि लगेच ओळखले. पण बिघाडाच्या छापील फॉर्मवर कारणांचे चारच रकाने होते: गंज, धूळ, तेल कमी, हाताळणी. चारही वापरणाऱ्याच्याच चुका.

"दोष हिच्या जन्माचा आहे," काका म्हणाले, "पण तो लिहायला जागाच नाही रे."

शेवटी त्यांनी धुळीवर खूण केली. मास्तरने वेगळा अर्ज पाठवला. वरून साहेबांचे उत्तर आले, की रायफल तापू देऊ नये.

पुढे एका दुपारी नाल्याकाठी खरीच चकमक उडाली. मास्तरचा जोडीदार पलीकडे पोहोचण्यासाठी धावत निघाला. तो पोहोचेपर्यंत गोळीबार चालू ठेवायचे काम मास्तरचे, म्हणजे माझे. अठराव्या गोळीला मी अडकले. मास्तरने नखे तुटेपर्यंत काडतूस बाहेर काढणारा माझा बोल्ट ओढला. जोडीदार नाल्याच्या मध्यावर पडला, तो उठलाच नाही.

चौकशी बसली. जोडीदाराची बायकोही येऊन बसली होती. मला आधी घासूनपुसून लख्ख केले आणि पंख्याखाली दहा गोळ्या झाडल्या. मला अडकायचे होते. जन्मात एवढे एकच मागणे मी मागितले. दहाच्या दहा गोळ्या सुटल्या. मिस्त्रीकाकांनी मान खाली घातली आणि 'हाताळणी'वर खूण केली.

"भावजी," त्या बाईने विचारले, "एक रायफल साफ ठेवता आली नाही तुम्हाला?"

त्या महिन्यातच मास्तरला घरी पाठवले.

मित्रांनो, वस्तू नीट जपा, असे मी सांगायला हवे. पण मला जपण्यात मास्तरने काय कमी केले होते? वापरणारा तक्रार करतो तेव्हा त्याचे ऐका, एवढेच म्हणते. आता मी दुसऱ्या जवानाकडे आहे. तो मला दिवसातून दोनदा पुसतो. पुसले की झाले, असे त्याला शिकवले आहे. उद्या त्याची तुकडी निघते. मला बोलता येत नाही. तुमच्यापैकी कुणीतरी त्याला सांगा.